छत्रीखालचा लघुग्रह दिन

लघुग्रह दिन जगभर ३० जूनला पाळतात. नवी मुंबईत तोवर आर्द्रा नक्षत्र लागलेलं असतं. खारघरचा पांडवकडा कोसळत असतो, पामबीच रस्त्यावर पुढची गाडी धड दिसत नाही, आणि आभाळात बघावं तर ढगांशिवाय काही नसतं. दुर्बीण मांडायचा प्रश्नच नाही. मग एखादं व्याख्यान ठेवायचं, एखादी चित्रफीत दाखवायची आणि दिवस उरकायचा, असं होऊन बसतं.

मला ते पुरेसं वाटत नाही. हा विषय शिकायला तारे दिसावे लागत नाहीत. दगड, काच, परातभर रांगोळी आणि चार छायाचित्रं एवढ्या भांडवलावर तो शाळेच्या वर्गात, सोसायटीच्या हॉलमध्ये, अगदी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही समजावता येतो. शिवाय नवी मुंबईकरांनी तो समजून घ्यावा याला एक ताजं कारण आहे. त्याकडे येतोच, पण आधी तारखेबद्दल.

३० जूनच का?

३० जून १९०८ च्या सकाळी सैबेरियात, पोडकामेनाया तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशात प्रचंड स्फोट झाला. साधारण पन्नास-साठ मीटर आकाराचा एक पाहुणा जमिनीला टेकण्याआधीच हवेत फुटला. दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवं झालं. सिडकोची नवी मुंबई ३४४ चौरस किलोमीटरची. तिच्या जवळजवळ सहापट हा पसारा. वस्ती विरळ होती म्हणून जीवितहानी नगण्य झाली.

लिओनिद कुलिक हा रशियन शास्त्रज्ञ तिथे पोचला तो १९२७ मध्ये. त्याला मोठा खड्डा सापडेल असं वाटत होतं. सापडली ती सगळी एका मध्याकडून बाहेरच्या बाजूला पडलेली झाडं, आणि बरोबर मध्यात मात्र फांद्या झडून उभे राहिलेले बुंधे. स्फोट डोक्यावर झाला होता, त्यामुळे मधल्या झाडांवर दाब सरळ वरून आला आणि ती उभीच राहिली.

खगोलभौतिकीत डॉक्टरेट असलेला 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि अपोलो ९ चा अंतराळवीर रस्टी श्वाइकार्ट यांच्यासह काही जणांनी २०१४ मध्ये या दिवसाची कल्पना मांडली. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३० जून हा आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन म्हणून मान्य केला.

नावांचा गोंधळ

आपण 'तारा तुटला' म्हणतो ती उल्का. बहुतेक वेळा ती वाळूच्या कणाएवढी किंवा वाटाण्याएवढी असते, वातावरणात शिरते आणि जळून जाते. तोच तुकडा जळूनही जमिनीपर्यंत पोचला, तर तो अशनी. आणि लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे खडकांचे लहानमोठे गोटे. त्यातले बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आपापल्या वाटेने फिरतात आणि त्यांचा आपल्याला काही त्रास नाही. ज्यांच्या वाटा पृथ्वीच्या वाटेजवळून जातात, त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. असे सुमारे ४०,००० आज माहीत आहेत.

यातली एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. एक किलोमीटरपेक्षा मोठे, म्हणजे साऱ्या जगाला हादरा देऊ शकतील असे जवळचे लघुग्रह, पंचाण्णव टक्क्यांहून अधिक सापडलेले आहेत. १४० मीटरपेक्षा मोठ्यांपैकी मात्र निम्मेसुद्धा अजून सापडलेले नाहीत, आणि एखादं शहर उद्ध्वस्त करायला तेवढा आकार पुरे आहे.

ती रेषा अरबी समुद्रावरून गेली तेव्हा

आता ते ताजं कारण. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. त्याचं नाव २०२४ वायआर४. आकार साधारण साठ मीटर, म्हणजे तुंगुस्काच्याच जातीचा. गणित मांडल्यावर दिसलं की २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता आहे. आदळलाच तर कुठे, तेही एका लांब पट्ट्यात मांडता येत होतं: पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. बातम्यांमधल्या शहरांच्या यादीत मुंबईचं नाव झळकलं.

जानेवारीअखेर शक्यता एक टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्के झाली. त्यानंतर आठवडाभरात ती जवळजवळ शून्यावर आली. व्हॉट्सॲपवर लोक विचारू लागले: आधी घाबरवलं कशाला, मग हात का झटकले? शास्त्रज्ञांनी काही दडवलं का?

कोणीही काही दडवलं नव्हतं. ही वाढ आणि ही घसरण कशी होते, हे लघुग्रह दिनाला एकाच फळ्यावर दाखवता येतं, आणि माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा अर्धा तास तोच.

फळ्यावर एक लांब आडवा पट्टा काढा. २०३२ मध्ये तो लघुग्रह या पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढंच सुरुवातीला कळलेलं आहे. समजा पट्टा इतका लांब आहे की त्यात शंभर पृथ्व्या शेजारी शेजारी मावतील, आणि आपली पृथ्वी त्यातल्या एका घरात आहे. टक्कर होण्याची शक्यता झाली शंभरात एक. पुढच्या रात्री आणखी निरीक्षणं होतात, लघुग्रहाची वाट अधिक नेमकी कळते आणि पट्टा दोन्ही टोकांकडून पुसला जातो. आता बत्तीसच घरं उरली, पण आपली पृथ्वी अजून त्यातच आहे. शक्यता बत्तिसात एक, म्हणजे तीन टक्क्यांवर. लघुग्रह होता त्याच वाटेवर होता, फक्त आपलं अज्ञान कमी झालं. आणखी निरीक्षणं झाली, पट्टा आणखी आखडला, आणि या वेळी पृथ्वीचं घर पुसलेल्या भागात गेलं. शक्यता संपली. प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण त्याचा गाभा हाच.

कोकणकिनाऱ्याच्या माणसाला हे नवं वाटायला नको. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ येत होतं तेव्हा हवामान खात्याच्या नकाशावरचा शंकू आपण दर काही तासांनी बघत होतो. आधी तो रुंद होता, आपण सगळेच त्यात होतो. मग तो निमुळता होत गेला. ३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मुंबई-नवी मुंबई थोडक्यात बचावली आणि रायगडचा दक्षिण किनारा झोडपला गेला. 'खात्याने उगाच घाबरवलं' असं तेव्हा श्रीवर्धनच्या बागायतदाराला कोणी सांगू शकलं असतं का?

आधी उजेड, मग काच

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर वीसेक मीटरचा एक लघुग्रह सेकंदाला सुमारे एकोणीस किलोमीटर वेगाने शिरला आणि तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला होता, त्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नाही.

सूर्याहून प्रखर उजेड पडला. लोक साहजिकच खिडकीपाशी धावले. उजेड क्षणात पोचतो, पण दाबाची लाट आवाजाच्या वेगाने येते. शहरापर्यंत यायला तिला दोनेक मिनिटं लागली. ती आली तेव्हा माणसं काचेला नाक लावून बाहेर बघत होती. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले आणि त्यातल्या बहुतेकांना लागलं होतं ते काचेने. एका शाळेतल्या शिक्षिकेने मात्र उजेड पाहताच चौथीच्या चव्वेचाळीस मुलांना बाकांखाली शिरायला लावलं. त्यातल्या एकाही मुलाला ओरखडा उठला नाही. ती स्वतः उभी होती. तिला काचा लागल्या.

ही गोष्ट ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, सीवूड्सच्या जमिनीपर्यंत काचा असलेल्या दिवाणखान्यात बसून वाचली की वेगळी लागते. आपलं शहर काचेचं होत चाललं आहे. म्हणून या दिवशी शाळेत एक कवायत जरूर घ्यावी. वर्गातले दिवे बंद करून एकदा बॅटरीचा झोत टाकायचा. झोत दिसला की खिडकीकडे धावायचं नाही. खिडकीकडे पाठ करून बाकाखाली जायचं आणि दोनशे अंक मोजेपर्यंत बाहेर यायचं नाही. मुलांना दोनशे मोजायला किती वेळ लागतो ते कळलं, की दोन मिनिटं किती लांब असतात तेही कळतं.

ही कवायत लघुग्रहाशिवायही कामी येते. आपण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हाही दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या.

ढकलायचं म्हणजे किती?

सिनेमात लघुग्रहावर बॉम्ब टाकतात. पण त्याचे तुकडे झाले आणि तेही त्याच वाटेवर राहिले, तर एका गोळीऐवजी छर्रे अंगावर घेतल्यासारखं होईल. त्यापेक्षा पुष्कळ आधी हलकासा धक्का देणं परवडतं.

हिशेब सोपा आहे. लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटर फरक पडला, तर साध्या गुणाकाराने वर्षभरात तो ३१५ किलोमीटर पुढे किंवा मागे सरकतो. दहा वर्षांत ३,१५० किलोमीटर, वीस वर्षांत पृथ्वीच्या त्रिज्येइतका. त्यामुळे धक्क्याच्या जोरापेक्षा तो किती वर्षं आधी दिला याला महत्त्व. सगळी भिस्त आधी दिसण्यावर आहे.

हा धक्का देऊन पाहिलेला आहे. नासाचं डार्ट हे पावणेसहाशे किलोंच्या आसपासचं यान २६ सप्टेंबर २०२२ ला डायमॉर्फस नावाच्या साधारण १६० मीटरच्या खडकावर मुद्दाम आपटलं. पृथ्वीपासून ते तेव्हा सव्वा कोटी किलोमीटरच्या आत होतं. वेग सेकंदाला सहा किलोमीटर, म्हणजे वाशी ते बेलापूर दीड-दोन सेकंदांत. डायमॉर्फस डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारत असे. फेरीत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायची असं आधीच ठरवलं होतं. फरक पडला ३२ मिनिटांचा. आपटल्यावर जो ढिगारा उलट्या दिशेने उडाला, त्यानेही खडकाला ढकललं; फुगा सोडल्यावर हवा एका बाजूला जाते आणि फुगा दुसऱ्या, तसं. तिथे नेमकं काय झालं हे जवळून पाहायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं.

पारसिकचा दगड आणि लोणारचं विवर

नवी मुंबईच्या पाठीशी पारसिकचा डोंगर आहे. त्याचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. याच दगडाचा थर पूर्वेकडे थेट विदर्भात पसरला आहे, आणि तिथे बुलढाणा जिल्ह्यात लोणारला त्यात एक जवळजवळ गोल भोक पडलेलं आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तळाशी खारं पाणी, काठावर कमळजादेवीचं देऊळ, वर गावात दैत्यसूदनाचं. लवणासुराची कथा लोणारची माणसं आजही सांगतात.

लोणार ज्वालामुखीचं विवर आहे असं पुष्कळ काळ मानत. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ते आघाताने झाल्याचं दाखवून दिलं. पुरावा काचेतच होता. तिथल्या खडकातलं फेल्डस्पार नावाचं खनिज आघाताच्या दाबाने वितळण्याआधीच काचेसारखं झालेलं सापडलं. त्याला मास्केलिनाइट म्हणतात आणि एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. विवराचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षं सांगत. नंतरच्या अर्गॉन मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्ट आहे, त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. २०२० पासून लोणार रामसर स्थळही आहे. समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरलं की पुढे लोणार जवळ आहे. शाळेची सहल रिसॉर्टला जाण्याऐवजी तिकडे वळावी असं मला मनापासून वाटतं.

ते विवर करणारा दगड शंभर मीटरच्या आतबाहेर असावा. इतक्या छोट्या दगडाने इतका मोठा खड्डा कसा पडतो? हे दाखवायला मी घरी एकदा परात घेतली. तळाला चार बोटं पांढरी रांगोळी, वर चाळणीने गेरूचा पातळ थर. कमरेएवढ्या उंचीवरून एक गोटी सोडली. गोटी रुतली तिथे तिच्या दुपटीहून मोठा खड्डा झाला, कडा उचलल्या गेल्या आणि आतली पांढरी रांगोळी गेरूवर किरणांसारखी चहूकडे फेकली गेली. पौर्णिमेच्या चंद्रावर टायको विवराभोवती असेच पांढरे पट्टे दिसतात. मग गोटी डोक्यावरून सोडली, खड्डा आणखी मोठा. तिरकी फेकली, तर खड्डा लांबट झाला. इथे मुलांना थांबवून सांगायला हवं, की खऱ्या आघातात वेग सेकंदाला दहा-वीस किलोमीटर असतो. दगड नुसता रुतत नाही, त्याचा स्फोटच होतो. म्हणून तो बराच तिरका आला तरी विवर गोल होतं.

विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंच टेकडी सुरुंग लावून सपाट केली. त्यात वर्षं गेली. लोणारचं विवर तिच्या उंचीपेक्षा खोल आहे आणि ते काही क्षणांत खणलं गेलं.

चार छायाचित्रं

लघुग्रह शोधायचा कसा? आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने चार छायाचित्रं घ्यायची आणि ती एकामागून एक पटापट दाखवायची. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रहाचा ठिपका सरकतो. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची अशी छायाचित्रं शाळा-कॉलेजांच्या मुलांना शोधमोहिमांमध्ये मिळतात आणि ॲस्ट्रोमेट्रिका या संगणक-प्रणालीवर ती तपासता येतात. भारतातली पुष्कळ मुलं यात भाग घेतात. बाहेर कितीही पाऊस असो, संगणक आणि इंटरनेट पुरतं.

मात्र 'अमुक विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' अशी बातमी आली की जरा धीर धरावा. तो ठिपका पहिल्यांदा टिपला गेला, एवढंच तेव्हा म्हणता येतं. त्याची कक्षा पक्की व्हायला, त्याला कायमचा क्रमांक मिळायला कैक वर्षं निरीक्षणं लागतात. मुलांनी हे काम हौसेने करावं आणि त्याचा खरा दर्जा जाणून करावं. त्यात त्यांचा मान कमी होत नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉग्सनने एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोध लागलेला तो पहिला, म्हणून त्याचं नाव 'एशिया'. १९८८ मध्ये तामिळनाडूतल्या कावलूरहून सापडलेल्या लघुग्रहाला रामानुजनचं नाव दिलं. आज पवईच्या आयआयटीचे लोक भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या जोडीने लडाखमध्ये हान्ले इथली 'ग्रोथ-इंडिया' ही यंत्रचालित दुर्बीण चालवतात आणि जवळून जाणारे लघुग्रह तिने टिपलेले आहेत. पंडित जसराजांच्या नावाचाही एक लघुग्रह आहे, क्रमांक ३००१२८. उलटा वाचला तर जोड्याजोड्यांनी त्यांची जन्मतारीख येते: २८-०१-३०.

दगड सापडला तर

अशा कार्यक्रमाला कोणी ना कोणी रुमालात दगड बांधून घेऊन येतो. तो आस्थेने बघावा. नवी मुंबईत तो बहुधा कारखान्याची मळी निघतो, म्हणजे धातू वितळवल्यावर उरलेला काळा, जड, पण बुडबुड्यांच्या भोकांचा दगड. अशनीत अशी भोकं जवळजवळ नसतात. वरून तो पातळ काळ्या कवचाचा, आतून बहुधा फिकट असतो आणि लोहचुंबकाला ओढ देतो. एकट्या चुंबकावर मात्र विसंबू नये. आपला बेसॉल्टही थोडा चिकटतो.

महाराष्ट्रात खरे अशनी पडतात. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी पडले. त्यांच्यात पुढे ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या पोटात खोल असणारं खनिज सापडलं. असा दगड मिळाला तर तो धुवायचा-फोडायचा नाही, कागदात गुंडाळून तहसील कार्यालयाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचं. देशातल्या अशनींचा ताबा त्या संस्थेकडे असतो. आणि आकाशातून जळत पडलेलं सगळंच अशनी नसतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी पाहिलेल्या आगीच्या रेषा चिनी रॉकेटच्या अवशेषांच्या होत्या. त्यातलं एक धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ पडलं.

एप्रिल २०२९

अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह २००४ मध्ये सापडला तेव्हा त्याच्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. २०२१ च्या रडार मोजणीनंतर पुढची शंभर वर्षं तरी त्याच्याकडून धोका नाही, हे पक्कं झालं. पण तो जवळून जाणार आहे, सुमारे ३२,००० किलोमीटरवरून. आपल्या टीव्हीचे उपग्रह याहून लांब असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्षच लघुग्रह आणि ग्रहसंरक्षणाच्या जाणिवेसाठी जाहीर केलं आहे.

तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट असेल, सव्वातीनचा सुमार. त्या वेळी तो अटलांटिकवर असेल. त्याआधी ऑस्ट्रेलियाकडून हिंदी महासागरावरून तो आफ्रिकेकडे सरकत जाईल. म्हणजे आपला वेळ १३ एप्रिलच्या रात्रीचा. त्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीसाठी ऐरोलीच्या स्मारकापाशी आणि गल्लोगल्ली माणसं तशीही बारा वाजेपर्यंत जागीच असतात. आभाळ एप्रिलचं, मोकळं. शहराच्या उजेडात दोन डोळ्यांची साधी दुर्बीण जवळ असलेली बरी. ताऱ्यांमधून हळूहळू सरकणारा एक ठिपका शोधायचा, चार छायाचित्रांतल्यासारखा.